सोयम बापूराव साहेब, 'बाहेरचा' म्हणजे नेमकं कोण?

मागच्या महिन्यात एका कार्यालयात दाखला काढायला गेले होते. खिडकीपलीकडच्या बाबूनं माझं नाव वाचलं, आडनाव वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "मीरु महाराष्ट्रा नुंचि वच्चारा?" म्हणजे, तुम्ही महाराष्ट्रातून आलात का? मी तेलुगूतच सांगितलं की नाही, आम्ही इथलेच, बेल्याकडचे. मग वडील कुठले? इथले. आजी कुठली? मी खरं ते सांगून बसले. आजी किनवटची. झालं. अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी खूण केली आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात या.

आता आजीचं ऐका. आजी १९५५ साली लग्न होऊन इकडं आली. तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राजुराही होता. हैदराबाद संस्थान विलीन झालेलं, पण हैदराबाद राज्य नकाशावर होतं. म्हणजे आजी जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात आली, जसं आज कुणी बोथहून उटनूरला जावं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात. आजी चुलीपुढून उठलीसुद्धा नव्हती आणि 'परप्रांतातून आलेली' झाली. त्यानंतर २०१४ ला तेलंगणा झालं, तेव्हा पुन्हा राज्य बदललं. आजीचं घर तेच.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या भागात एक नेता आहे, ज्याच्याबद्दल आपण मराठी पोरं एक तर गप्प बसतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या शिव्या देतो किंवा नुसता जयजयकार करतो. सोयम बापूराव. माझ्या मते त्यांचा प्रश्न खरा आहे आणि उत्तर चुकीचं आहे, आणि हे दोन्ही एकाच दमात बोलायला शिकलं पाहिजे.

आधी माणूस कसा आहे ते. २००४ ला टीआरएसकडून बोथचे आमदार. २०१८ ला काँग्रेसकडून त्याच बोथमध्ये उभे राहिले आणि पडले. २०१९ ला भाजपकडून आदिलाबादचे खासदार. २०२३ ला भाजपकडून परत बोथ, परत पडले. २०२४ ला भाजपनं लोकसभेचं तिकीट कापलं, गोडम नागेश यांना दिलं, ते निवडून आले. मग बापूराव काँग्रेसमध्ये. लोक याला पक्षबदलू म्हणतात. म्हणोत. पण एक गोष्ट बघा, एवढे झेंडे बदलले तरी मागणी एकदाही बदलली नाही. आदिवासी हक्क पोराट समितीच्या, म्हणजे तुडुम देब्बाच्या व्यासपीठावर जी मागणी होती तीच खासदार झाल्यावर होती, तीच आज आहे: लंबाडा म्हणजे बंजारा समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा. ज्या पक्षात गेले त्या पक्षाला ही मागणी अडचणीचीच, कारण लंबाडा मतं राज्यभर आहेत. तरी सोडली नाही. २०२५ मध्ये तर त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि न्यायालयानं केंद्राला, राज्याला नोटीस काढली. आपल्या जिल्ह्यात स्वतःच्या मताचे इतके पक्के पुढारी किती आहेत, बोटावर मोजा. म्हणूनच त्यांच्याशी भांडायला मजा आहे. ज्याला मतच नाही त्याच्याशी काय भांडणार.

त्यांचा प्रश्न असा. १९७६ च्या आधी लंबाडा समाज आंध्र भागात अनुसूचित जमातीत होता, तेलंगणा भागात नव्हता. आणीबाणीत संसदेनं १९७६ चा दुरुस्ती कायदा केला, एकाच राज्यातले भागांचे भेद काढून टाकले, तो १९७७ ला लागू झाला आणि तेलंगणातले लंबाडाही एसटी झाले. पैनगंगेच्या पलीकडं महाराष्ट्रात मात्र तोच बंजारा समाज विमुक्त जातींत राहिला. एकच भाषा, एकच देव, सोयरीक दोन्हीकडं, आणि मधल्या नदीच्या एका काठावर नोकरी, वसतिगृह, राखीव जागा, जमिनीचं संरक्षण, दुसऱ्या काठावर त्यातलं बरंच काही नाही. मग काय होणार? माणसं नदी ओलांडणारच. ओलांडली. नारनूर, उटनूर, इंद्रवेल्लीच्या डोंगरात गोंड, कोलाम म्हातारे सांगतात की तांडे कसे वाढत गेले. त्या सांगण्यात द्वेष नाही, आठवण आहे. गोंडांचं पोरगं पहिल्या पिढीत शाळेत गेलेलं, त्याच्या समोर स्पर्धेला दुसरा समाज, जो दोन पावलं पुढं. जागा तेवढ्याच. हे दुखणं खोटं आहे असं जो म्हणतो त्यानं एकदा कोलामगुड्यात जाऊन यावं. कोलाम तर या सगळ्या भांडणात धरलेलेच नसतात, एसटीच्या यादीत असूनही.

म्हणून प्रश्न बरोबर. आता उत्तर.

यादी कोण बदलतो? अनुच्छेद ३४२. संसद. मुख्यमंत्री नाही, कलेक्टर नाही, मोर्चा तर नाहीच. आणि जो खरा आक्षेप आहे, की 'महाराष्ट्रातून नंतर आले आणि इथं एसटीचे दाखले घेतले', त्याला यादी बदलायची गरजच नाही. कायदा आधीपासून आहे. १९९० चा मर्री चंद्रशेखर राव खटला वाचा, राज्यशास्त्राच्या पोरांनी तर वाचलाच पाहिजे. गंमत बघा, त्यात माणूस उलट्या दिशेनं गेलेला: आंध्रातलं एसटीचं कुटुंब मुंबईला गेलं, मुलाला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश पाहिजे होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, जमातीचा दर्जा 'त्या राज्याच्या संदर्भात' असतो, राज्य बदललं की तो पेटीत भरून नेता येत नाही. इथं तर पलीकडं दर्जाच नव्हता, तो नेण्याचा सवालच नाही. मग ज्यांनी खोटे कागद करून दाखले घेतले असतील, त्यांचे दाखले एकेक करून तपासा, रद्द करा. ते काम कंटाळवाणं आहे, फायली उघडायला लागतात, वर्षं जातात, त्यात भाषणाला टाळ्या मिळत नाहीत. पण गुन्हा ज्याचा, कारवाई त्याच्यावर, हाच रस्ता आहे.

बापूराव साहेब त्याऐवजी अख्खा समाज यादीतून काढा म्हणतात. त्यात निजामाच्या काळापासून इथल्या रानात गुरं राखणारा तांडाही गेला, ज्याच्या आज्याला किनवट आणि आदिलाबाद यांतला फरक ठाऊक नव्हता कारण तेव्हा तो नव्हताच. आणि परवा आलेला, एजंटाला पैसे देऊन दाखला काढलेलाही गेला. दोघं एकाच टोपलीत. मला हे पटत नाही. माझ्या पेन्सिलीच्या खुणेइतकंच पटत नाही.

आणि इथं तुमचा-माझा संबंध येतो, दोस्तांनो. कारण सभेत शब्द 'लंबाडा' असतो, पण सभेतून घरी जाताना तो 'महाराष्ट्रवाले' होतो. कार्यालयाच्या खिडकीत तो 'आडनाव मराठी' होतो. मी ना गोंड, ना बंजारा, कुणब्याची पोर आहे. माझ्याकडं एसटीचा दाखला नाही, मागायचाही नाही. तरी खूण माझ्या अर्जावर पडली. आणि फक्त माझ्यासारख्यांवर नाही. आदिलाबादच्या मूळ जमातींतच अंध आहेत, त्यांची घरची भाषा मराठी. परधान आहेत, गोंडांचा इतिहास किंगरीवर गाऊन जपणारे, त्यांच्या घरातही मराठीच. उटनूरच्या बाजारात गोंड बाई कुणब्याशी बोलते ती कोणत्या भाषेत? आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात मराठी ही कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलायची भाषा होती, तेलुगू शाळेतून नंतर आली. मग 'मराठी बोलतो म्हणजे बाहेरचा' या मापानं अंध बाहेरचा, परधान बाहेरचा. आदिवासी हक्काच्या नावानं आदिवासीच बाहेर!

केसलापूरची नागोबाची जत्रा आठवा. पौष अमावस्येला मेसराम घराण्याची माणसं कुठून कुठून येतात. महाराष्ट्रातून येतात, छत्तीसगडातून येतात. नव्या सुनांची देवाला ओळख करून देतात, 'भेटिंग' म्हणतात त्याला. त्या सुनांत पैनगंगेपलीकडच्या पोरी नसतील का? १९९० च्या निकालात समाजाचं नाव बघून सूट नाही. महाराष्ट्रातली गोंड पोरगी तिकडं एसटी, लग्न होऊन इकडं आली की तिच्या दाखल्याचं काय? बापूराव साहेब, तुम्ही 'स्थलांतरित' या शब्दाला इतकी धार लावताय, ती धार तुमच्याच लेकी-सुनांच्या हाताला लागणार नाही याची काय खात्री? हा प्रश्न मी वादासाठी विचारत नाही. मला खरंच ऐकायचंय.

कुणी म्हणेल, भारतात कुणीही कुठंही राहू शकतो, विषय संपला. एवढं सोपं पण नाही. अनुच्छेद १९(१)(ड) आणि (ई) नं कुठंही फिरायचा, कुठंही राहायचा हक्क दिला, बरोबर. पण लगेच खाली १९(५) आहे, आणि त्यात सर्वसाधारण जनतेच्या हितासोबत स्पष्ट लिहिलंय: अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतात. घटना लिहिणाऱ्यांना आदिलाबादसारखे जिल्हे ठाऊक होते. १९५९ चा जमीन हस्तांतरण नियम, त्याची १९७० ची दुरुस्ती, ज्याला आपण '१/७०' म्हणतो, ती या विचारावरच उभी आहे: अनुसूचित भागात गैरआदिवासीला जमीन घेता येत नाही. गैरआदिवासी म्हणजे मीपण. मला ते मान्य आहे, आणि आपल्या मराठी पोरांनी ते मोठ्यानं म्हणायला पाहिजे. आपण '१/७०' ला कुजबुजत शिव्या द्यायच्या आणि मग आपल्याला कुणी 'बाहेरचे' म्हटलं की घटना काढायची, हे चालणार नाही. आपल्यातल्या किती सावकारांनी, किती पाटलांनी गोंडांची रानं कर्जात लिहून घेतली, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना खाजगीत विचारा.

पण 'वाजवी निर्बंध' यातला 'वाजवी' हा शब्द न्यायालय तपासतं. २००० साली आंध्र सरकारनं अनुसूचित भागातल्या शाळांत शंभर टक्के शिक्षक स्थानिक आदिवासीच असा आदेश काढला. हेतू चांगला होता. गोंडी-कोलामी बोलणाऱ्या पोराला पहिलीत त्याची भाषा कळणारा मास्तर पाहिजे. २०२० च्या एप्रिलमध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं तो आदेश रद्द केला, शंभर टक्के म्हणजे इतर सगळ्यांना दार बंद. मला निकाल वाचून वाईट वाटलं, कारण मास्तरची भाषा न कळणं काय असतं हे मी बघितलंय. माझ्या शाळेतले मराठीचे सर निवृत्त झाले, जागा रिकामीच राहिली, दोन वर्षं आम्ही मराठीचं पुस्तक आपलं आपणच वाचलं. म्हणून म्हणते, कोलामाच्या पोरासाठी कोलामी येणारा मास्तर मागा, मी तुमच्यासोबत येते. भाषेची अट घाला, परीक्षा घ्या. पण २०१७ च्या शेवटी काय झालं? गावागावांत लंबाडा शिक्षकांना शाळेच्या फाटकातून परत पाठवलं. त्यांना गोंडी येते का, हे कुणी विचारलं नाही. जात विचारली.

त्या डिसेंबरमध्ये पुढं काय झालं, ते माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. हाणामाऱ्या, जाळपोळ, १४४ कलम, इंटरनेट बंद. मी तेव्हा शाळेत होते. नेट नाही म्हणजे काय, तर अफवा थांबत नाहीत, फक्त त्या खोट्या आहेत हे सांगायला रस्ता उरत नाही. गडीगुड्याकडं कुणाचं घर जळालं, कुणाचं नाही, हे आम्हाला एसटी बसच्या कंडक्टरकडून कळायचं, आणि तो तीन गावांत तीन गोष्टी सांगायचा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जैनूरला पुन्हा तेच. एका आदिवासी बाईवर अत्याचार झाला, त्यावरून दंगल, संचारबंदी, नेट बंद. कायद्याचं नाव तेवढं बदललेलं, १४४ चं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. मधे २०२० च्या जानेवारीत अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की नेट अनिश्चित काळ बंद ठेवता येत नाही आणि बंदीचा आदेश लोकांसाठी प्रसिद्ध करावा लागतो. तुमच्यापैकी कुणी असा आदेश कधी चावडीवर लावलेला पाहिलाय? मी तरी नाही.

इथं मला बापूराव साहेबांवर खरा राग आहे, आणि तो अपेक्षेतून आलेला राग आहे. २० एप्रिल १९८१. इंद्रवेल्ली. गोंड माणसं जमिनीसाठी सभा घ्यायला जमली होती. सभेची परवानगी नाकारलेली, जमावबंदी लावलेली, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मेले, गावची माणसं कितीतरी जास्त सांगतात. तिथं स्तूप आहे. कैक वर्षं त्या दिवशी तिथं फूल वाहायलासुद्धा जमावबंदी असायची. आपल्या माणसांचं दुःख करायला परवानगी लागते, हे ज्या समाजानं सोसलं, त्या समाजाच्या नेत्यानं जमावबंदी आणि नेटबंदीच्या विरोधात सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्यानं बोलायला पाहिजे. फक्त आपल्या लोकांवर लागते तेव्हाच नाही. तांड्यावर लागली तरी, मशिदीसमोर लागली तरी. नागरी हक्क हा काही राखीव कोटा नाही की एकाला दिला तर दुसऱ्याचा कमी होईल. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला तो जल-जंगल-जमिनीसाठी, पण त्याच्याआधी त्याला निजामाचे अर्ज-विनंत्यांचे सगळे दरवाजे बंद मिळाले होते, हेही विसरू नका.

आता पुढच्या निवडणुकीत हे सगळे आपल्या दारात येतील आणि मराठीत बोलतील. येतातच. 'राम राम काका' म्हणतात, आपल्यालाही बरं वाटतं. २०२३ च्या फेब्रुवारीत केसीआर नांदेडला सभेला गेले, 'अबकी बार किसान सरकार'चे फलक मराठीत लागले, तेव्हा सीमा कुणाला दिसली नाही. धर्माबादकडची गावं म्हणायची आम्हाला तेलंगणात घ्या. केरामेरी मंडळातली परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर धरून १४ गावं तर दोन्ही राज्यांत आहेत. दोन सरपंच, दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. २०१९ ला चंद्रपूर आणि आदिलाबादचं मतदान एकाच दिवशी, ११ एप्रिलला होतं. २०२४ ला चंद्रपूरचं १९ एप्रिलला, आपलं १३ मेला, म्हणजे दोन्हीकडं प्रचारगाड्या निवांत फिरल्या. लोकप्रतिनिधित्व कायद्यात एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही. पण मत घ्यायला दोन्ही राज्यं येतात, आणि जमिनीचा पट्टा मागितला की दोन्हीकडं बोट नदीपलीकडं. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राचे महसूलमंत्री म्हणाले, गावं आमच्यात घेतो. त्या गावांतल्या बऱ्याच लोकांची मुळं मराठवाड्यात आहेत, १९७२ च्या दुष्काळानं बाहेर काढलेली. त्यांना महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळवताना जुने कागद मागतात, इकडं 'तिकडचे' म्हणतात. यांना काय म्हणायचं, स्थलांतरित? कुठून कुठं?

आणि पलीकडं बघा, २०२५ च्या सप्टेंबरपासून महाराष्ट्रात बंजारा समाज हैदराबाद गॅझेटचा दाखला देऊन एसटी मागतोय. मराठा आंदोलनाला ज्या गॅझेटनं रस्ता दिला तोच कागद. तिथले आदिवासी त्याविरोधात मोर्चे काढतायत. म्हणजे जे भांडण आपण १९७६ पासून बघतोय ते आता किनवट-माहूरमध्ये सुरू होतंय. गंमत अशी की त्या गॅझेटच्या काळात किनवट आपल्याच जिल्ह्यात होतं. महाराष्ट्राला उत्तर पाहिजे असेल तर त्यांनी आदिलाबादकडं बघावं, इथं पन्नास वर्षांत काय चुकलं ते दिसेल: दर्जा दिला, जागा उशिरा वाढवल्या, दाखले तपासले नाहीत, आणि मग गरिबाला गरिबाच्या अंगावर सोडलं.

बापूराव साहेबांना माझी मागणी अशी. यादीचं काय ते संसद आणि न्यायालय बघेल. तुम्ही तोवर दाखल्यांच्या तपासणीची मागणी घ्या, कट-ऑफची तारीख आणि कोणते कागद चालतील हे सरकारकडून लिहून घ्या, आणि त्या कागदांत १९५६ च्या आधीचे उर्दूतले, किनवट-राजुऱ्याचे कागद धरायला लावा. भाषेवरून, आडनावावरून कुणाचा अर्ज बाजूला ठेवायचा नाही असं परिपत्रक मागा. हे मागाल तर तुमच्या मोर्च्यात मी येते, मराठी फलक घेऊन येते. नाही मागाल तर तुमच्या सभेत उभी राहून हाच प्रश्न विचारेन, आणि मराठीतच विचारेन. तुम्हाला ती चांगली येते.

बाकी, माझा दाखला अजून आलेला नाही. मी अर्ज नव्यानं भरलाय, सोबत एक पत्र जोडलंय. त्यात आजीच्या जन्मठिकाणासमोर लिहिलंय: किनवट, जिल्हा आदिलाबाद, हैदराबाद राज्य. बघू, यावर पेन्सिल चालते का.